मंदीत टक्का नक्की कोणाचा वाढतो? (इंटेल, एएमडी आणि दुकानात पडून असलेला माल)

चिंचवडचा_चक्रम | १३ मे २०२३, रात्री १०:४०

भाच्याची बारावीची परीक्षा मार्चात आटपली. निकाल यायचाय, पण कॉम्प्युटर मात्र त्याला आत्ताच हवाय. पैसे मामाचे, त्यामुळे संशोधनही मामालाच करावं लागतंय. त्यात एक गोष्ट अशी सापडली की कॉम्प्युटर राहिला बाजूला आणि मी तिच्यातच अडकलो.

मर्क्युरी रिसर्च नावाची संस्था दर तिमाहीला प्रोसेसरच्या (म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपेच्या) बाजारात इंटेल आणि एएमडी या दोन मुख्य कंपन्यांचा हिस्सा काढते. २०२२ च्या दुसऱ्या तिमाहीत डेस्कटॉपमध्ये एएमडीचा हिस्सा २०.६ टक्के होता. तिसऱ्या तिमाहीत १३.९. लॅपटॉपमध्ये तर २४.८ वरून थेट १५.७! तीन महिन्यांत लोकांनी इतकी मनं बदलली? तेही एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरचा गाजावाजा चालू असताना? बरं, या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत डेस्कटॉपचा आकडा परत १९.२ वर. हा प्रोसेसर आहे की पोटनिवडणूक?

दुसरं कोडं. डेस्कटॉप-लॅपटॉपमध्ये दर पाच चिपांमागे चार ज्याच्या, त्या इंटेलने एप्रिलमध्ये तिमाहीचे निकाल दिले: २.८ अब्ज डॉलर तोटा. त्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा म्हणे.

भाचा म्हणतो, "मामा, एएमडी संपली." त्याचा मित्र म्हणतो इंटेल संपली. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि हो, संगणक कोणता घ्यावा तेही सांगावं.

---

खवचट_खान | १३ मे, रात्री १०:५२

भाच्याला सांगा, आधी निकाल लागू दे, मग ठरवू कोण संपलं ते.

(खुर्ची टाकून बसलो आहे.)

---

लॅमिंग्टनकर | १४ मे, सकाळी ११:१५

चक्रम साहेब, रविवार आहे, दुकान बंद आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बावीस वर्षं लॅमिंग्टन रोडवर आहे.

तुम्ही जो टक्का बघताय तो गिऱ्हाईकाने घरी नेलेल्या मालाचा नाही. कंपनीने आपल्या गोदामातून पुढे काढलेल्या मालाचा आहे. कंपनीकडून मोठा वितरक, वितरकाकडून आमच्यासारखा दुकानदार, आणि मग तुमचा भाचा. कंपनीच्या लेखी पहिल्याच पायरीवर विक्री झाली. माल आमच्या माळ्यावर सहा महिने धूळ खात पडला तरी तिच्या वहीत तो "विकला".

आमच्याकडे महिन्याची २६-२७ तारीख आली की फोन सुरू होतात. "भाई, टार्गेटला चाळीस पीस कमी पडतायत, बिलिंग करून टाकू का? स्कीम आहे, क्रेडिट नोट देतो." लॉकडाऊनमध्ये आम्ही हो म्हणायचो, कारण माल टिकतच नव्हता. शाळा घरात, ऑफिस घरात, एकेका घरात तीन मशिनं. जुनी मशिनंसुद्धा लोकांनी धूळ झटकून विकत नेली. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र गिऱ्हाईक गायब. ज्याला घ्यायचं होतं त्याने घेऊन झालं होतं. कॉम्प्युटर काही दर दिवाळीला घ्यायची वस्तू नाही. पण आधी हो म्हटलेला माल येतच राहिला. सप्टेंबरात माझ्या पोटमाळ्यावर मदरबोर्डांची खोकी छतापर्यंत लागली होती आणि खाली मुलगा बसून मोबाईलवर क्रिकेट बघत होता.

अशा वेळी कंपनीपुढे दोनच रस्ते. एक, पुढून माल सोडायचा बंद करायचा आणि आधीचा खपू द्यायचा. दोन, सूट देऊन अजून ढकलायचा. तुमच्या भाच्याने काय घेतलं याने टक्का हलला नाही साहेब, कोणी नळ बंद केला आणि कोणी चालू ठेवला याने हलला.

बाकी मशीन कोणतं ते उद्या सांगतो. बजेट लिहा. आणि "सीपीयू घ्यायचाय" म्हणून अख्ख्या डब्याचा भाव विचारू नका (सीपीयू म्हणजे नुसता प्रोसेसर), अर्धं गिऱ्हाईक तेच करतं.

---

हिशेबनीस | १४ मे, दुपारी १२:३०

लॅमिंग्टनकरांच्या म्हणण्याला आकड्यांचा टेकू देतो.

एएमडीचा डेस्कटॉप-लॅपटॉप धंदा २०२२ च्या दुसऱ्या तिमाहीत साधारण २.१५ अब्ज डॉलरचा होता. तिसरीत तो १.०२ अब्जावर आला, म्हणजे निम्म्याहून खाली. ६ ऑक्टोबरला त्यांनी निकालाआधीच सांगून टाकलं की ६.७ अब्जांचा एकूण अंदाज होता, ५.६ च येणार. त्याच तिमाहीत इंटेलचा हाच विभाग ७.७ वरून ८.१ अब्जावर गेला. बाजार तोच, मंदी तीच. एकाने नळ आवळला, दुसऱ्याचा वाहतच होता.

पुढे एएमडीच्या प्रमुख लिसा सू बाईंनी उघडच सांगितलं की बाजारात जेवढा खपतोय त्यापेक्षा कमी माल आम्ही मुद्दाम सोडतोय. इंटेलवरही तीच वेळ आली, पण उशिरा. त्यांचा विभाग चौथ्या तिमाहीत ६.६ आणि यंदाच्या पहिल्यात ५.८ अब्ज. इंटेलचाही नळ आवळला गेला तसा एएमडीचा टक्का आपोआप "सुधारला".

समजा महिन्याला शंभर चिपा खपतात, अ च्या ७०, ब च्या ३०. ब ने ठरवलं की दुकानातला साठा आधी संपू दे, आणि फक्त १५ पाठवल्या. अ ने ७० पाठवल्या. आता पाठवलेल्या ८५ मध्ये ब चा हिस्सा १७.६ टक्के. गिऱ्हाईक मात्र अजूनही ३० चिपा ब च्याच नेतंय. एकाही माणसाने मत बदललेलं नाही आणि पेपरात मथळा तयार: "ब ची घसरगुंडी".

---

रायझनभक्त | १४ मे, दुपारी २:०५

एवढंही सोपं नाही हो. एएमडीने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला हे का कोणी बोलत नाही? मी स्वतः भक्त आहे, तरी बोलतो. सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० आणला. त्याला नवा सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा), नवा मदरबोर्ड आणि फक्त डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅम. जुनी रॅम चालणार नाही. महिन्याभरात इंटेलची तेरावी पिढी आली, तिला जुन्या डीडीआर४ रॅमचे बोर्डही मिळत होते. हातात पैसा नसताना माणूस काय घेईल? नोव्हेंबरातच किमती उतरवाव्या लागल्या: ६९९ डॉलरचा ७९५०एक्स ५७४ ला, २९९ चा ७६००एक्स २४९ ला. ही काही साठ्याची भानगड नव्हती. गिऱ्हाईकाने खरोखर नाक मुरडलं होतं.

---

लॅमिंग्टनकर | १४ मे, दुपारी २:४०

भक्तजी, मान्य. त्या बोर्डांचे भाव ऐकून लोक पायऱ्या उतरायचे. पण नाक मुरडून लोक गेले कुठे? बरेचसे एएमडीच्याच जुन्या रायझन ५६०० कडे वळले! तो मी आजही रोज विकतो. आणि तो माल आधीच वितरकाकडे पडलेला होता, म्हणजे नव्या तिमाहीच्या टक्क्यात त्याची गणतीच नाही. म्हणून म्हणतो, दुकानातून चित्र वेगळं दिसतं.

अजून एक, अमेरिकेत उतरलेला भाव इथे तसाच उतरत नाही. जानेवारी २०२२ ला डॉलर ७४-७५ ला होता, ऑक्टोबरात ८२-८३. वर १८ टक्के जीएसटी. यूट्यूब बघून आलेली पोरं भांडतात, "तिकडे तर स्वस्त झालाय." बाबा, तिकडे जाऊन आण.

---

सायलीची_आई | १४ मे, दुपारी ३:३०

छान धागा. आंब्याच्या दिवसांत वाशी मार्केटला हेच चालतं की! आवक वाढली की शेतकरी म्हणतो पेटी पाठवू का थांबू. फक्त आंबा नासतो, चिप नासत नाही.

---

हिशेबनीस | १४ मे, दुपारी ३:४५

ताई, नासत नाही पण शिळी होते. पुढची पिढी आली की वखारीतल्या मालाचा भाव आपोआप पडतो. म्हणून तर थांबणाऱ्यालाही धाकधूक असते.

---

पोर्टलंडचा_पांडू | १४ मे, रात्री ९:१०

इकडे सकाळ आहे, कॉफी हातात आहे. दुसऱ्या कोड्याबद्दल लिहितो: बाजाराचा एवढा मोठा तुकडा हातात असून तोटा कसा?

मी फॅबला, म्हणजे चिपा बनवणाऱ्या कारखान्याला, यंत्रं पुरवणाऱ्या धंद्यात आहे. (कंपनी विचारू नका.) फॅब म्हणजे कधीही विझवता न येणारी भट्टी समजा. दिवाळी नाही, ख्रिसमस नाही. पांढरा झगा, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं, आणि छताला लावलेल्या रुळांवरून वेफरचे (ज्यांवर चिपा घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांचे) डबे घेऊन फिरणाऱ्या गाड्या. एक वेफर आत गेला की पूर्ण होऊन बाहेर यायला तीनेक महिने लागतात. म्हणजे आज मागणी पडली तरी फेब्रुवारीत चढवलेलं पीठ आज दळून बाहेर येतंच आहे. ईयूव्हीचं, म्हणजे वेफरवर प्रकाशाने बारीक नक्षी उमटवणारं, एक यंत्र १५ कोटी डॉलरच्या वर. ते चाललं काय नि थांबलं काय, खर्च तोच. निम्म्या गाड्या रिकाम्या फिरल्या तर उरलेल्या निम्म्या वेफरांवर सगळा बोजा.

इंटेल आपल्या चिपा मुख्यतः स्वतःच्याच फॅबमध्ये करते. एएमडीने २००९ मध्ये फॅब वेगळ्या काढल्या (ती आजची ग्लोबलफाउंड्रीज) आणि आता तिचं मुख्य काम तैवानच्या टीएसएमसीकडे असतं. मंदीत एएमडी ऑर्डर कमी करू शकते. करार-बिरार, आगाऊ पैसे असतात, अगदी फुकट सुटका नाही, पण रिकाम्या भट्टीचं दुखणं टीएसएमसीचं. टीएसएमसीकडे दुसरी गिऱ्हाइकंही आहेत. इंटेलच्या भट्टीला गिऱ्हाईक मुख्यतः इंटेलच.

तेव्हा इंटेलला नळ बंद करणं परवडत नाही, म्हणून तो उशिरा बंद होतो. मला तरी त्यात डावपेचापेक्षा नाइलाज जास्त दिसतो.

---

हिशेबनीस | १४ मे, रात्री ९:५५

पांडूशेठ, प्रतिसाद फार आवडला. यात आमच्या पेशातली एक गंमत घालतो.

यंदा जानेवारीपासून इंटेलने यंत्रांचं आयुष्य ५ वर्षांऐवजी ८ वर्षं धरायला सुरुवात केली. घसारा (यंत्राची किंमत वर्षांवर वाटून दाखवलेला खर्च) लांबला की दर वर्षीचा खर्च कमी दिसतो. त्यांच्याच अंदाजाने २०२३ मध्ये यातून सुमारे ४.२ अब्ज डॉलरचा फरक पडणार. गैर काही नाही, जाहीर सांगून केलंय. पण हे करूनसुद्धा पहिल्या तिमाहीत २.८ अब्ज तोटा आहे, हे लक्षात घ्या. ढोबळ नफ्याचं प्रमाण वर्षाभरापूर्वी ५०.४ टक्के होतं, आता ३४.२. एएमडीचं ४४. तोटा एएमडीलाही झाला, पण १३.९ कोटी डॉलर. तोही अशा तिमाहीत, जिथे त्यांचा डेस्कटॉप-लॅपटॉप धंदा वर्षाभरात ६५ टक्क्यांनी आपटला!

इंटेलने लाभांशही फेब्रुवारीत कापला, तिमाहीला साडेछत्तीस सेंटवरून साडेबारा. घरात भांडी वाजायला लागली की आधी पाहुणचार कमी होतो तसं.

---

कोकणकडा | १५ मे, सकाळी ८:२०

हे सगळं ठीक, पण आपल्या तळेगावचा चिपांचा प्रकल्प गुजरातला गेला त्याबद्दल कोणी अवाक्षर काढणार आहे का? वेदांत-फॉक्सकॉन इथे असता तर...

---

संपादक_मंडळ | १५ मे, सकाळी ८:४५

त्या विषयावर आधीच तीन धागे चालू आहेत. कृपया तिकडे.

---

खवचट_खान | १५ मे, सकाळी ८:४७

थोडक्यात हुकलं. खुर्ची उचलत होतो.

---

नानासाहेब_नेने | १५ मे, सकाळी १०:३०

तुम्ही सगळे २०२२ चं बोलताय. आम्ही २००१ पाहिलंय.

तेव्हा मी पुण्यात एका असेंबलरकडे मशिनं जोडायचो. मार्च २००० मध्ये एएमडीने अॅथलॉन १ गिगाहर्ट्झला नेला, इंटेलच्या दोन दिवस आधी. ऑगस्टात इंटेलला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री परत मागवावा लागला. आम्ही एएमडीवाले कॉलर ताठ करून फिरत होतो. त्या अॅथलॉनवर धातूचं झाकण नसे, मधोमध उघडा सिलिकॉनचा चौकोन. पंखा बसवताना स्क्रू ड्रायव्हरने क्लिप दाबायची, आणि दाब जरा तिरका पडला की कोपऱ्याचा टवका उडे. बारीक "टक्" असा आवाज यायचा. तो आवाज आला की मालक आतल्या खोलीतून विचारायचा, "कितवा?"

मग आली मंदी. २००१ मध्ये जगभरातली पीसीची वार्षिक विक्री पडली, १९८५ नंतर पहिल्यांदाच. आणि इंटेलने काय केलं? पेंटियम फोरचे भाव सपासप खाली. इंटेलचा नफा २००० मध्ये साडेदहा अब्ज डॉलर, २००१ मध्ये १.३ अब्ज. स्वतःचं रक्त सांडलं, पण खिसा खोल होता. एएमडीचा टक्का २००१ मध्ये वीसच्या वर गेला, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, त्याच एएमडीला १.३ अब्ज डॉलरचा तोटा. टक्का मिळवला आणि त्याच टक्क्याखाली दबली.

म्हणून चक्रम, भाच्याला सांग, मंदीत वाढलेल्या टक्क्यावर भाळू नये, आणि पडलेल्यावर रडूही नये.

---

रायझनभक्त | १५ मे, सकाळी ११:००

नाना, दंडवत. पण मोठ्या कंपन्यांना दिलेल्या सवलतींचं राहिलं. डेल, एचपी वगैरेंनी आपल्याच चिपा घ्याव्यात म्हणून दिलेल्या सवलतींवरून युरोपियन आयोगाने २००९ मध्ये इंटेलला १.०६ अब्ज युरो दंड ठोकला. त्याच वर्षी एएमडीशी तडजोड करताना इंटेलने १.२५ अब्ज डॉलर मोजले. सगळा खिसा खोल असण्याचा प्रताप नव्हता.

---

नानासाहेब_नेने | १५ मे, सकाळी ११:२५

तो दंड २०२२ च्या जानेवारीत युरोपच्या कोर्टाने रद्द केला, हेही लिही की. आयोग वरच्या कोर्टात गेलाय. अर्धीच गोष्ट सांगायची सवय भक्तांना असतेच (हलके घ्या).

---

मेमरीमाळी | १५ मे, दुपारी १:१०

प्रोसेसरवाल्यांचं दुखणं काहीच नाही, रॅमवाल्यांकडे बघा. इंटेलच्या बोर्डात एएमडीची चिप बसत नाही, पण रॅमची पट्टी कोणाचीही चालते. त्यामुळे तिथे भाव हेच एकमेव हत्यार. मंदीत सगळे एकमेकांकडे बघत बसतात, आधी उत्पादन कोण कमी करतो. जो कमी करेल त्याचा टक्का जाईल आणि वाढलेल्या भावाचा मलिदा मात्र सगळ्यांना.

या खेळात जर्मनीची किमोंडा जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये. तिला पुढे मायक्रॉनने घेतलं. आता मोठे तीनच उरलेत. यंदा मायक्रॉन आणि हायनिक्सने आधीच हात आखडता घेतला, सॅमसंग मात्र अडून बसली होती. पहिल्या तिमाहीत तिचा नफा ९५ टक्क्यांनी आपटला, तेव्हा कुठे ७ एप्रिलला तिनेही उत्पादन कमी करतो म्हणून जाहीर केलं.

स्वतः इंटेलही मुळात मेमरीचीच कंपनी होती. जपान्यांपुढे टिकाव लागेना म्हणून १९८५ मध्ये तिने डीरॅम (रॅमच्या चिपा) सोडलं आणि प्रोसेसर धरला. टक्का सोडून देण्याचा तिचा सगळ्यात शहाणा निर्णय तोच, माझ्या मते.

चक्रम, रॅम सध्या मातीमोल आहे. आठ घेणार असाल तर सोळा घ्या.

---

चिंचवडचा_चक्रम | १५ मे, रात्री ११:०५

सर्वांचे आभार, विशेषतः पांडू आणि नाना. भाच्याला वाचून दाखवलं. त्याला फक्त "सोळा घ्या" एवढंच ऐकू आलं.

एक शंका. सर्व्हरचं काय? तिथेही हीच साठ्याची गंमत?

---

हिशेबनीस | १६ मे, सकाळी ९:४०

तिथे गोष्ट वेगळी आहे, आणि इंटेलला खरा घोर तिथला असावा. सर्व्हरमध्ये एएमडीचा हिस्सा २०१७ च्या आसपास नगण्य होता, आज १८ टक्के. वर-खाली न होता जिना चढल्यासारखा वाढलाय. तिथली मोठी गिऱ्हाइकं म्हणजे क्लाउडवाले, ते स्वतः वापरायला घेतात, पुढे विकायला नाही. यंदाच्या पहिल्या तिमाहीत इंटेलचा सर्व्हर विभाग ३९ टक्क्यांनी घटून ३.७ अब्जावर आला. एएमडीचा १.३ अब्जाच्या आसपास, जवळपास गेल्या वर्षीएवढाच. इंटेलचा सॅफायर रॅपिड्स हा नवा सर्व्हर प्रोसेसर रखडत रखडत या जानेवारीत आला, तोवर एएमडीचा जेनोआ बाजारात होता. हा टक्का मी मानतो. डेस्कटॉपचा तिमाहीचा टक्का मी आता वाचतही नाही.

---

चिंचवडचा_चक्रम | २८ मे २०२३, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतोय. भाचा ७४ टक्क्यांनी पास. (हा टक्का खरा आहे, साठा नाही.)

लॅमिंग्टनकरांच्या यादीप्रमाणे इथेच पुण्यात मशीन जोडून घेतलं. हो-नाही करता करता इंटेलचा आय फाइव्ह १२४००एफ, सोळा जीबी रॅम. भक्तांनी माफ करावं, त्या दिवशी बोर्डासकट तो स्वस्त पडला.

घरी आल्यावर भाचा खोकी टाकायला निघाला होता, मी थांबवलं. प्रोसेसरच्या निळ्या खोक्याच्या बुडाला आयातदाराचा पांढरा स्टिकर असतो, एमआरपीचा. त्यावर बारीक अक्षरात आयातीचा महिना छापलेला: जून २०२२.

म्हणजे भाचा अकरावीची वह्यापुस्तकं आवरत होता तेव्हा हा प्रोसेसर भारतात आला. आणि पोरगं बारावी पास होईपर्यंत कुठल्यातरी माळ्यावर पडून राहिला.

---

लॅमिंग्टनकर | २८ मे, संध्याकाळी ७:४५

अभिनंदन! पेढे कुठेत?

खोकं टाकू नका, वॉरंटीला लागेल. मदरबोर्डचा स्टिकर पण बघा, तो त्याहून जुना निघेल.

---

चिंचवडचा_चक्रम | २८ मे, संध्याकाळी ७:५८

मार्च २०२२.

---

खवचट_खान | २८ मे, रात्री ८:०१

पेढे तरी ताजे घ्या.